मटणासारखे लागते ना?

दर वर्षी शाळा सुरू झाली की मी सातवीच्या वर्गाला 'माझा रविवार' या विषयावर निबंध लिहावयास सांगतो. या वह्या तपासताना मला एक गोष्ट न चुकता आढळते. आमच्या गावातील प्रत्येक घरी दर रविवारी श्रीखंडपुरीचा बेत असतो. आई पहाटे उठते, सडा घालते, रांगोळी काढते आणि दुपारी सर्वजण एकत्र बसून श्रीखंडपुरीवर ताव मारतात. आता याच रविवारी सकाळी गावच्या पेठेत मटणाच्या दुकानापुढे जी रांग लागते, तीत यांपैकी निम्म्या मुलांचे वडील उभे असतात. मी हे खात्रीने सांगतो, कारण त्या रांगेत मीही असतो.

मुले खोटारडी आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांना कोणीतरी शिकविले आहे की जेवायचे जेवण निराळे आणि लिहायचे जेवण निराळे. हे शिकविणाऱ्यांत माझाही वाटा आहे. इतकी वर्षे त्या श्रीखंडपुरीला मी दहापैकी आठ गुण देत आलो.

या वह्यांची आठवण होण्यास कारण झाले ते पुण्यातील एक जेवण. माझे एक स्नेही तेथे असतात. माणूस सज्जन, वाचनाचा षौक असलेला. माझ्या दोन्ही कादंबऱ्या त्यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतल्या आहेत, आणि असे वाचक माझ्या वाट्याला फार थोडे आले. घराणे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. त्यांच्याकडे जाण्यासाठी जिना चढू लागलो तो दुसऱ्या मजल्यापासून आले-लसूण आणि गरम मसाल्यात परतलेल्या खिम्याचा घमघमाट येऊ लागला. मी चकितच झालो. ताटात खरोखरच खिमा होता, पाव होता, कापलेला कांदा होता, लिंबू होते.

"मास्तर, ओळखा पाहू!" स्नेही म्हणाले. "सगळे वनस्पतीचे आहे बरे का! सोयाबीन आणि वाटाण्याचे प्रथिन. आमच्या मुलाने मागविले. पण अगदी मटणासारखे लागते ना?"

ज्याने जन्मात मटण तोंडाला लावले नाही, त्याला ते मटणासारखे लागते हे कळले कसे, असा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. वहिनी त्याच वेळी वरणाच्या भांड्यात काहीतरी शोधू लागल्या, म्हणून मी तो गिळला. पाहुण्याने सगळेच विचारू नये. पण दुसरी एक गोष्ट मला गिळता आली नाही. दोन वर्षांपूर्वी याच स्नेह्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितले होते की खालच्या मजल्यावरची जागा भाड्याने मागायला मालवणकडचे एक कुटुंब आले होते आणि सोसायटीच्या समितीने त्यांना नकार दिला. स्नेही त्या समितीचे चिटणीस. कारण काय, तर जिन्यात वास येतो.

मग आज जिन्यात जो येत होता तो काय होता? वास तोच. चव, त्यांच्याच शब्दांत, अगदी तीच. जीवहत्येचा मुद्दा म्हणावा, तर ते मालवणचे कुटुंब काही जिन्यात बोकड कापणार नव्हते. तळणार होते बांगडा, आणि तोही बाजारात मेलेलाच मिळतो. वास नको असता तर तो आज हौसेने घरात आणला नसता. नको होता तो वासासकट येणारा माणूस. त्याची जात, त्याची बोली, त्याची आठवड्याच्या बाजाराची पिशवी. शाकाहार हे आपल्याकडे पुष्कळदा माणूस दारातून परत पाठविण्याचे सभ्य नाव असते. आणि या नव्या पुड्याने, आपल्या नकळत, ते नाव उघडे पाडले आहे. या पुड्यावर माझा राग असलाच तर तो एवढ्यासाठी नाही. त्यासाठी मी त्याचे आभारच मानीन.

कोणी म्हणेल, मास्तर सोवळ्या माणसांची टवाळी करीत आहेत. मुळीच नाही. माझे थोरले मामा माळकरी होते. आमच्या घरी जत्रेला बोकड शिजे तेव्हा ते त्याच पंगतीच्या टोकाला बसून पिठलेभाकरी खात, आणि कोणाच्या ताटाकडे वाकडी नजर करीत नसत. आपली भाकरी कशासारखी लागावी अशी त्यांची अपेक्षा नव्हती. अशा माणसापुढे मी आजही वाकेन. आणि ज्याने दयेपोटी मांस सोडले पण ज्याची जीभ अजून ऐकत नाही, त्याने सोयाबीनचा कबाब खाल्ला तर त्यात हसण्यासारखे काय आहे? अमेरिकेत ही खटपट सुरू झाली ती अशाच माणसांसाठी. तिथला माणूस वर्षाला शंभर किलोहून अधिक मांस खातो. गुरे पाळण्यामुळे पृथ्वीच्या तापण्यात किती भर पडते याचा हिशेब जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली मांडला, तो एकूण वायूंच्या साडेचौदा टक्के भरला. तेव्हा त्यांना पर्याय हवाच. तिकडच्या एका कंपनीने २०१६ साली सोयाबीनच्या मुळांच्या गाठींत सापडणारे लोहयुक्त प्रथिन यीस्टकडून बनवून घेतले आणि कापल्यावर लाल रस पाझरणारा बर्गर बाजारात आणला. शास्त्रज्ञांच्या बुद्धीला नमस्कार केला पाहिजे. परंतु आपल्याकडे माणशी वर्षाला पाच-सात किलोदेखील मांस जेमतेम पोटात जाते. अमेरिकनाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण विकत आणतो आणि ते मालवणच्या माणसाला ऐकवितो!

नकलेचेही मला वावडे नाही. आम्ही जुन्नर-ओतूरकडची माणसे मासवडीवर वाढलो. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर तीळ, सुके खोबरे, लसूण आणि कोथिंबिरीचे सारण पसरायचे, फडक्यासकट गुंडाळून माशाच्या आकाराला दाबायचे आणि वड्या कापून झणझणीत काळ्या रश्शाबरोबर खायच्या. नावात मासा आहे, अंगात नाही. कोकणात सुरणाचे आणि नीरफणसाचे काप रव्यात घोळून सुरमईच्या तुकडीसारखे तळतात. वऱ्हाडात पाटवडीचा रस्सा असतो, तो मटणाच्या रश्शाचा सख्खा भाऊ. आमच्या आईच्या पाट्यावर मासवडीचा मसाला वाटला जाई तो कोंबडीच्याच मसाल्याच्या पाठोपाठ. मासवडी खाणाराने कोंबडी खाणाराला कधी खालच्या पायरीवर उभे केले नाही, कारण बहुधा तो एकच माणूस असे. वार तेवढा निराळा.

आता सोयाबीनचेच पाहा. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येक गरीब मुलाला सोयाबीनच्या वड्या ठाऊक आहेत. तेल काढून उरलेले पीठ उष्णता आणि दाब देऊन यंत्राच्या छिद्रांतून ढकलले की त्याला मांसासारखे तंतू येतात; शंभर ग्रॅम वडीत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने. या वड्यांना आपण वर्षानुवर्षे 'गरिबांचे मटण' म्हणून नाक मुरडले. त्याच पिठाला चकचकीत पुडा मिळाला, हिरवा ठिपका मिळाला, तो गोठवलेल्या मालाच्या पेटीत जाऊन बसला, आणि किलोभर कोंबडीच्या पैशांत पावशेर मिळू लागला. ज्या मराठवाड्याच्या शेतात ते सोयाबीन उगवते, तिथल्या शेतकऱ्याची हकिकत काय? २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात कितीतरी माल त्याहून कमी दराने गेला. पुड्यावरच्या सुंदर चित्रात शेत असते, शेतकरी नसतो.

हे सगळे खासगी घरापुरते असते तर मी दिवाळी अंकाची पाने खर्चिली नसती. पण दिवाणखान्यातली आवडनिवड हळूहळू सरकारी कागदावर उतरते. गोहत्याबंदीचा कायदा आपल्या राज्यात १९७६ सालचा. २०१५ साली त्यात बैल आणि वळूही आले. परराज्यातून आणलेले गोमांस नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरविला होता. ते कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली रद्द केले, म्हणून निदान माणसाच्या स्वयंपाकघरातली फडताळे वाचली. २०२५ च्या १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवली महापालिकेने मटणाची दुकाने बंद ठेवायला लावली. स्वातंत्र्य साजरे करायचे ते काय खावे याचे स्वातंत्र्य एक दिवस काढून घेऊन! आणि हा सगळा कारभार कोणाच्या राज्यात? २०१४ च्या सरकारी पाहणीप्रमाणे ज्या राज्यातले शंभरांतले साठ लोक सामिष खातात, त्या राज्यात. साठ लोक गप्प कसे बसतात हे मला माझ्या सातवीच्या वह्यांनी सांगितले. ते श्रीखंडपुरी लिहितात.

न लिहिलेले जेवण लिहून काढण्याचे काम शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात केले. मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या चान्या आणि वजडी त्यांनी न लाजता छापून दाखविल्या. ते पुस्तक वाचताना मला, मटण खाणाऱ्या मला, काही पानांवर अवघडल्यासारखे झाले हे कबूल करतो. म्हणजे माझ्याही खाली एक जिना होता आणि त्या जिन्यात मीही नाकाला रुमाल लावून उभा होतो.

परंतु सर्वांत झोंबली ती अंड्याची गोष्ट. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले. न खाणाऱ्याला केळे. मी मॅट्रिकपलीकडे गेलेला नाही, आहारशास्त्र मला विचारू नये. पण अंड्याच्या दिवशी हजेरीपटावर रेघा कमी पडत हे मोजायला मॅट्रिकही लागत नाही. केळे घेणारी मुले अंडे घेणाऱ्या मुलांशेजारीच बसत. कोणाचा धर्म बुडाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्याचा पैसा थांबविला. हवे असल्यास लोकसहभागातून द्यावे असे कळविले. पाचवीतल्या एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, अंडं वाईट असतं का?" मी म्हणालो, नाही. "मग बंद का केलं?" मी फळ्याकडे वळलो.

लोकसहभाग म्हणजे शिक्षकाने हात पसरणे. मी पसरला. पुण्याच्या स्नेह्यांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर तत्परतेने आले: वर्षभराचा खर्च ते एकटे उचलायला तयार होते, मात्र अट एकच, अंड्याऐवजी सोयाबीनचे ते नवे कबाब द्यावेत. "मुलांना फरकही कळणार नाही," असे त्यांनी लिहिले होते. मी उलट लिहिले की सोयाबीन चांगलेच आहे, अंड्याच्या जोडीला जरूर पाठवा. पण मुलांच्या घरी जे शिजते ते कमीपणाचे आहे असे त्यांना त्यातून समजणार असेल, तर तो फरक मात्र त्यांना कळेल. त्यावर त्यांचे उत्तर नाही.

दोन महिन्यांची अंडी आमच्या गावच्या खाटकाने दिली. मी पावतीपुस्तक घेऊन गेलो, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हते. फडक्याला हात पुसून त्याने नोटा मोजल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. मी नाव लिहू लागलो तसा त्याने माझा हात धरला.

"नाव नका घालू, गुरुजी. शाळेच्या फळ्यावर तर नकोच. उगा कोणाला खटकायचं, आणि पोरांचं अंडं पुन्हा बंद व्हायचं."

मी पावतीवर 'एक हितचिंतक' असे लिहिले.