ड्युटी संपली म्हणजे जबाबदारी संपली?

रविवारी रात्री आमच्या कॉलनीतल्या भाजीवाल्या काकांना एका कारने उडवलं. पाय मोडला, दोन ऑपरेशन्स झाली. कार एका कंपनीच्या नावावर, चालवणारा तिथलाच अधिकारी, सासुरवाडीहून परतत होता. कंपनीतून काकांच्या मुलाला फोनवर उत्तर मिळालं, "ते सुट्टीवर होते, आमचा काही संबंध नाही." मुलाला ते पटलं आणि तो वीस हजारांत मिटवायला निघाला. म्हणून ही पोस्ट.

कंपनीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. नोकराच्या चुकीची भरपाई मालकाने द्यायची, पण ती चूक नोकरीच्या कामात झालेली हवी, हे जुनं तत्त्व आहे. एका ड्रायव्हरने मालकाची टॅक्सी क्लीनरला लायसन्सची परीक्षा द्यायला दिली आणि अपघात झाला. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मालकाला सोडलं. उलट, नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली कंपनीची कार मॅनेजर चालवत होता. ती झाडावर आदळून सोबतचा प्रवासी गेला. त्याला गाडीत घेणं कंपनीचं काम नव्हतं, हा बचाव 1977 मध्ये टिकला नाही. कंपनी जबाबदार धरली गेली.

पण रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाने या वादात पडायचं कारणच काय? मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलाय तो त्याच्यासाठीच. गाडी कंपनीच्या परवानगीने चालत होती ना? मग तो वार रविवार होता की सोमवार, याने विमा कंपनी सुटत नाही. आणि आरसी बुकावर ज्याचं नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये पुन्हा बजावलंय.

माझं मत स्पष्ट आहे. गाडी चोवीस तास वापरायला द्यायची, तो पगाराचाच भाग म्हणून मिरवायचा, आणि अपघात झाला की घड्याळ दाखवायचं, हे चालणार नाही. खाजगी वापराला परवानगी आहे की नाही, ते कंपनीने लेखी द्यावं. नोकरदारांनीही ते मागून घ्यावं. कारण पैसे विमा कंपनी भरेल, पण निष्काळजीपणाचा गुन्हा स्टिअरिंगवर बसलेल्यावरच दाखल होतो. तिथे कंपनी तुमच्या जागी उभी राहणार नाही.

कुणावर अशी वेळ आलीच तर एवढं करा. एफआयआरची प्रत घ्या. गाडीच्या नंबरवरून मालक आणि विमा कंपनी शोधा. दवाखान्याची सगळी बिलं जपून ठेवा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी करा. दावा तुम्ही राहता त्या भागातही दाखल करता येतो. 2019 च्या दुरुस्तीने त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलीये, तेव्हा "बघू नंतर" म्हणत बसू नका. आणि वकिलाला दाखवल्याशिवाय कुठल्याही तडजोडीच्या कागदावर सही करू नका.

काकांच्या मुलाने सही केलेली नाही. उद्या आम्ही वकिलाकडे जातोय. काका अजून खाटेवर आहेत, आणि त्यांची हातगाडी महिनाभर झाकूनच उभी आहे. तिचा हिशोब कुणी करायचा, हा माझा साधा प्रश्न आहे.

मत वेगळं असेल तर खाली नक्की लिहा.