रोग अदृश्य, कारण उघड

अमेरिकेतील ‘कार्नर ब्लू’ हे चिमुकले निळे फुलपाखरू १९९२ साली तेथील शासनाने संकटग्रस्त ठरविले. त्याची अळी केवळ रानटी ल्युपिनवर जगते. वसाहतींनी ती माळराने गिळली. २००९ साली या फुलपाखरांत वोल्बाकिया जीवाणू आढळला. तो अंड्यांवाटे पुढील पिढीत जातो. अनेक कीटकांत बाधित नर व अबाधित मादी यांची अंडी फुकट जातात. विखुरलेल्या मूठभर जीवांना हा आघात पेलणारा नाही. म्हणून जोपासलेली फुलपाखरे तपासल्यावाचून अन्यत्र सोडणे धोक्याचे होय. परंतु रोग आधी दुबळ्यांनाच गाठतो, हे कामगारवस्तीत वावरणाऱ्या कार्यकर्त्यांस सांगावयास नको. हिरावलेली भूमी परत मिळाल्याखेरीज संरक्षणाची भाषा पोकळच राहील.