पीडीएफ पुढे ढकलण्याआधी

नव्या मराठी कादंबरीची पीडीएफ ग्रुपवर पडली की धडाधड अंगठे येतात. "वाचनसंस्कृती वाढतेय" असंही कुणीतरी लिहितंच. माझ्या मते ही वाचनसंस्कृती नाही. लेखक हयात, पुस्तक दुकानात मिळतंय आणि आपण त्याची स्कॅन केलेली प्रत फुकट वाटतोय! नेमकं हेच केल्याने पुढचं पुस्तक काढताना प्रकाशक दहादा विचार करतो. नुकसान शेवटी आपलंच.

बरं, हक्काचं फुकट काहीच नाही का? भरपूर आहे, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

आजीच्या तोंडचा एखादा शब्द अडला, तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघा. १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाने ऑनलाइन ठेवली आहे, शब्द टाकून शोधता येतो. श्री. व्यं. केतकरांचा ज्ञानकोश नेटवर आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोशही आहे. पोराला विज्ञानाची गोडी लावायची असेल, तर अरविंद गुप्तांची साइट उघडा. रिकाम्या बाटल्या, काड्यापेट्या, सायकलची व्हॉल्व्हट्यूब असल्या वस्तूंतून खेळणी कशी करायची ते तिथे दिलंय, शिवाय ढीगभर पुस्तकंही आहेत. यातल्या कशालाच एक रुपया लागत नाही.

कुठलं पुस्तक मोकळं आणि कुठलं नाही, हे ओळखणंही फार अवघड नाही. लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा हक्क आपल्या कायद्यात त्याच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो आणि ही मोजणी पुढच्या जानेवारीपासून सुरू होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून सगळ्यांची झाली. पुलं २००० साली गेले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांना २०६० सरेपर्यंत थांबावं लागेल. एक मात्र लक्षात ठेवा. जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि चित्रं यांचा हक्क वेगळा असू शकतो.

आता मुद्द्याचं. नुसती लिंक टाकून मोकळं होऊ नका. लेखकाचं नाव लिहा, मूळ जागेचीच लिंक द्या आणि तुम्हाला त्यात काय आवडलं ते दोन ओळींत सांगा. मी स्वतः बिनओळीची लिंक क्वचितच उघडतो, तुम्हीही बहुतेक तसंच करत असाल. माणूस लिंकवर नाही, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवून वाचतो.

आणि हयात लेखकाचं पुस्तक आवडलंच असेल, तर त्याची पीडीएफ नको, पुस्तकाचं नाव आणि दुकानाचा पत्ता पाठवा. तेवढे पैसे नसतील तर गावातलं वाचनालय आहेच. तिथल्या कपाटांनाही गिऱ्हाईक हवंय.

तुमच्याकडे असं हक्काचं, मोफत काही सापडलेलं असेल तर खाली टाका. दोन ओळींसकट, बरं का!