न दुखणारी गाठ

मनुष्य दुखण्याला भितो आणि जे दुखत नाही त्याकडे काणाडोळा करतो. मानेवर, काखेत अथवा पाठीवर कातडीखाली एखादी गाठ हाताला लागते. ती दुखत नाही, कामात अडथळा आणीत नाही. म्हणून ती तशीच राहू दिली जाते. वेदना हेच रोगाचे माप होय, ही समजूत येथे फार घातक ठरते. गळू लाल होऊन ठणकते आणि बहुधा काही दिवसांत बरे होते. उलट, कर्करोगाची गाठ आरंभी पुष्कळदा दुखतच नाही. आणि क्षयाने मानेत उठणारी गंडमाळ महिनेच्या महिने निमूटपणे वाढत राहते.

प्रत्येक गाठ भयंकर असते, असा याचा अर्थ नव्हे. बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. चरबीची गाठ मऊ असून बोटाखाली सरकते. परंतु केवळ स्पर्शाने सर्व गाठींचा निर्णय करता येत नाही. याकरिता बारीक सुईने गाठीतील थोड्या पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या क्रियेस काही मिनिटे पुरतात. क्षयाचा संशय असल्यास त्याच द्रवातून जंतूंचाही शोध घेता येतो. कधी मात्र गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो.

जबलपुरात १९५५ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. मंडला, डिंडोरीकडील रुग्ण आजही उपचारांसाठी या शहराची वाट धरतात. १९८४ पासून येथेच आदिवासींच्या आरोग्याचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे; सहरिया समाजात क्षयाचे प्रमाण फार मोठे असल्याचे तिच्या पाहण्यांतून दिसून आले. साधने आहेत, उशीर होतो तो घरात. गाठीवर लेप लावला जातो, डाग दिला जातो, कोठे ती चिरलीही जाते. क्षयाची गाठ अशी चिरली असता जखम दीर्घकाळ वाहत राहते. मुलीच्या मानेवरील गाठ तर विवाहाच्या चिंतेने पदराआड झाकली जाते. वास्तविक हा क्षय साधारणतः सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो आणि सरकारी योजनेत ती औषधे विनामूल्य मिळतात.

वेळीच हात लावून पाहण्याचे मोल मुंबईत मोजले गेले आहे. टाटा स्मारक केंद्राने १९९८ मध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांची पाहणी आरंभिली. त्यांतील निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने करीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र तशी घट आढळली नाही.

तेव्हा भीती आणि उपेक्षा, दोन्ही सारख्याच त्याज्य होत. दोन-तीन आठवड्यांत न विरणारी, वाढत जाणारी, कठीण किंवा जागची न हलणारी गाठ डॉक्टरांना दाखविली पाहिजे. सोबत सायंकाळचा ताप वा वजनातील घट असेल, तर विलंब मुळीच करू नये. ती निरुपद्रवी ठरली तर एक फेरी वाया गेली असे कोणी मानू नये. मनावरचे ओझे उतरले, हाही लाभच होय. परंतु ती तशी न ठरली, तर त्या एका फेरीवर संपूर्ण आयुष्य अवलंबून असू शकते.