घोड्यांना न्याय, माणसांना स्पर्धा

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत 1861 पासून चालू आहे. घोडा जितका बलवान, तितके त्याच्या पाठीवर अधिक वजन, हा तिचा नियम. 1890 साली कार्बाइन हा घोडा सुमारे 66 किलो वजन घेऊन धावला आणि तरीही जिंकला. योग्य भाराने बलवानाचे बळ हरपत नाही, याचा हा पुरावाच होय. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरही बहुतेक शर्यती याच तत्त्वाने होतात. त्यामागे दया नाही. पैजेत चुरस राहावी एवढाच हिशेब आहे. परंतु गुणवत्तेवर अन्याय झाल्याची ओरड तेथे कोणी करीत नाही.

प्रादेशिक अनुशेषाचा प्रश्न निघताच मात्र ही न्यायबुद्धी लोपते. दांडेकर समितीने 1984 साली मराठवाड्याचा अनुशेष आकड्यांनिशी मांडला. 1994 साली वैधानिक विकास मंडळ आले. 30 एप्रिल 2020 रोजी त्याची मुदत संपली. 1981 साली जिल्हा झालेल्या जालन्यातील कोरडवाहू शेतकऱ्याने पुणे-मुंबईशी बरोबरीने धावावे, अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची? पुढारलेल्यांनी अधिक भार उचलावा, ही मागणी हक्काची आहे. कार्यकर्त्यांनी ती गावोगाव ताठ मानेने मांडली पाहिजे.