आधी फॉरमॅट नको

लग्नसराई ओसरली की फोटोग्राफरकडे दिलेली आपलीच हार्डडिस्क भरून घरी येते. हळद, वरात, विहिणींची पंगत, सगळं तिच्यात. लॅपटॉपला जोडल्यावर फोल्डर दिसतात खरे, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक चिमुकला वाकडा बाण असतो आणि साइझ जेमतेम दोन केबी. अख्खी वरात दोन केबीत मावत नाही. ते फोल्डर नव्हेतच, फोल्डरच्या नावाने बसलेले शॉर्टकट आहेत. डबल क्लिक केलं की आधी व्हायरस सुरू होतो आणि मागोमाग खरा फोल्डरही उघडतो. म्हणून तर कुणाला संशय येत नाही.

घरातला जाणता भाचा लगेच म्हणतो, 'मामा, फॉरमॅट मार.' थांबवा त्याला. फोटो बहुतेकदा डिस्कवरच असतात, फक्त लपवलेले. काही व्हायरस तर सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरमध्ये सरकवून ठेवतात.

डिस्क नुसती जोडली तर? पूर्वी लागण व्हायला तेवढंही पुरायचं, कारण ऑटोरन, म्हणजे जोडताच डिस्कवरचा प्रोग्राम आपोआप सुरू होणं. विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने यूएसबी डिस्कपुरतं ते बंद केलं, २०११ मध्ये जुन्या विंडोजवरही. पण २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घुसखोर प्रोग्रामला ऑटोरनची गरजच नव्हती. फोल्डर उघडून त्यातला आयकॉन नुसता दिसला तरी काम व्हायचं. ती फट पुढे अपडेटने बुजवली. तेव्हा विंडोजचे अपडेट आधी, डिस्क नंतर.

माझा कल मात्र लिनक्सकडे. दुसऱ्या, धडधाकट कॉम्प्युटरवर एका पेनड्राइव्हमध्ये उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) भरून घ्यायचं आणि इन्स्टॉल न करता लॅपटॉप त्यावरूनच सुरू करायचा. नेट बंद. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस इथे सहसा हलत नाही आणि लपवलेले फोल्डर बहुधा सरळ समोर येतात. त्यातले फक्त फोटो आणि व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर उचलायचे. ईएक्सई, व्हीबीएस, एलएनके अशा शेपटीच्या फाइलींना हात लावायचा नाही. उचललेला माल विंडोजमध्ये अँटीव्हायरसखालून काढायचा, चार फोटो उघडून बघायचे, मग जुनी डिस्क खुशाल फॉरमॅट करा. आता भाच्याचं ऐकायला हरकत नाही.

फोटोग्राफरला फोन जरूर करा. तो म्हणेल, 'आमच्याकडे तर व्यवस्थित ओपन होतंय.' होणारच, व्हायरस त्याच्याच कॉम्प्युटरवर मुक्कामाला असेल.