बाटली चार वर्षे थांबते, शेतकऱ्याने किती थांबायचे?

न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या कंटेनरमधून काय काय येते, हे पनवेलकरांना सांगायला नको. त्यात युरोपातली वाइनही असते. २०२६ च्या जानेवारीत भारत व युरोपीय संघाच्या मुक्त व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाली. करार अमलात आल्यावर वाइनवरचे १५० टक्के आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरायचे आहे. हा प्रश्न नाशिकवाल्यांचा, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. जांभूळ, करवंद, काजूबोंड यांच्या वाइनची चर्चा कोकणातही वर्षानुवर्षे चालू आहे. त्यात उतरण्याआधी इटलीतल्या एका गावाचा हिशेब बघून घ्या.

गावाचे नाव मोंताल्चिनो. तिथली 'ब्रुनेल्लो' ही लाल वाइन जगभर चढ्या भावाने विकली जाते. नियम कडक आहेत. द्राक्ष एकाच जातीचे, सांजोवेझे. उत्पादन हेक्टरी ८ टनांच्या आत, म्हणजे एकरी साधारण सव्वातीन टन. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा टन घेणारे बागायतदार आहेत. तिथे मुद्दाम वेलीवर भार कमी ठेवतात, म्हणजे फळात साखर, रंग आणि स्वाद भरतो.

लाल वाइनचा रस सालीसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. तो तुरटपणा मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून ओकच्या लाकडी पिंपांत किमान दोन वर्षे मुरवण्याचा नियम आहे. लाकडातून हवा अगदी सावकाश आत जाते, त्याने चव बसते. हंगामानंतर पाचवे वर्ष लागेपर्यंत बाटली बाजारात आणता येत नाही.

आता विचार करा, इतकी वर्षे अडकलेल्या पैशाचा भार कोण सोसतो? मोंताल्चिनोत बरेच द्राक्षवाले स्वतःच वाइन करतात. १९६७ साली त्यांनी आपला संघ काढला. २००८ मध्ये काहींनी दुसरी द्राक्षे मिसळल्याचा संशय आला, चौकशी लागली. तेव्हा उत्पादकांनी मतदान करून एकाच जातीचा नियम कायम ठेवला. नाव त्यांचे, म्हणून राखणही त्यांचीच.

आपल्याकडे गणित उलटे आहे. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, विंचूरला वाइन पार्क झाला. नाशिक भागात अनेकांनी वाइनची द्राक्षे लावली. २००८-०९ च्या मंदीत वाइन पडून राहिली आणि पुढे बऱ्याच जणांनी बागा तोडल्या. खाण्याचे द्राक्ष बाजारात जाते, नाहीतर त्याचा बेदाणा होतो. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बियांचे. कारखान्याने नाही म्हटले की त्याला दुसरे गिऱ्हाईकच नाही. बाटलीवर नाव कारखान्याचे, तोटा मात्र बांधावर.

आपल्या तालुक्यात द्राक्षाच्या नादी लागूच नका. एवढ्या पावसात आणि दमट हवेत केवडा आणि भुरी बाग हातात राहू देणार नाहीत. जांभळाचे तसे नाही. झाड आपल्या मातीतले आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बहाडोली' ही जात आहे, तिचे टपोरे फळ खायलाही चालते. मुंबईची बाजारपेठ दोन तासांवर आहे. फळ जेमतेम एक-दोन दिवस टिकते हा दोष खरा, पण जवळच्या बाजारामुळे तोच आपला फायदाही ठरतो.

म्हणून सांगणे एवढेच, की लागवड करा ती फळाच्या भावावर हिशेब बसत असेल तरच. वाइनवाला आला तर तो दुसरा गिऱ्हाईक समजा. त्याच्याकडून भाव, प्रत, पैसे देण्याची तारीख आणि माल नाकारल्यास भरपाई, हे सारे लेखी घ्या. कलमालाही फळ धरायला काही वर्षे लागतात, तेवढ्यात कंपन्या येतात आणि जातात. आणि परवान्याशिवाय घरी वाइन काढणे गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

पिंपात मुरल्याने वाइनची किंमत वाढते. शेतकऱ्याची थकबाकी मुरली तर मात्र फक्त सावकाराचे व्याज वाढते.